रिकामा ठेवलेला रकाना

पट्टीताई गेल्या, तेव्हा त्यांच्याबद्दल चार ओळी लिहून द्या असं हजेरी कारकुनाला सांगण्यात आलं. चौदा वर्षं एकाच भिंतीच्या अलीकडे-पलीकडे बसलेला माणूस, त्याला माहीत नसणार तर कुणाला, असा सगळ्यांचा हिशेब होता. कारकून कागद घेऊन बसला आणि त्याच्या लक्षात आलं, की बाईंबद्दल आपल्याला जवळजवळ काहीच ठाऊक नाही. त्या चष्म्याची मोडकी काडी दोऱ्यानं बांधून वापरत, पाणी नेहमी उभ्यानं पीत, आणि चिडल्या की आवाज चढण्याऐवजी उतरत असे, एवढं त्याला सांगता आलं असतं. पण त्यांच्या घरात कोण कोण होतं, संध्याकाळी घरी जाऊन त्या काय करत, त्यांना कशाची भीती वाटे, यातलं काही त्यानं कधी विचारलं नव्हतं. त्यांना एक धाकटा भाऊ आहे हेसुद्धा त्याला, तो भाऊ समोर येऊन उभा राहिला, तेव्हा कळलं.

भावानं विचारलं, "ताईला छातीचा त्रास होता, हे तुम्हाला माहीत होतं का?"

कारकून नाही म्हणाला. ते खोटं नव्हतं. पण पुरतं खरंही नव्हतं, कारण तो त्रास कारकुनानं स्वतःच्या बोटांनी टंकयंत्रावर उतरवला होता आणि मग स्वतःच्याच हातानं खोडला होता. ते कसं झालं, हे सांगायला बरंच मागे जायला हवं.

तो कारखाना कपडे धुण्याचा. इस्पितळांच्या, वसतिगृहांच्या चादरी, टॉवेल, पडदे गाड्या भरभरून येत. तळमजल्यावर धुलाई, पहिल्या मजल्यावर इस्त्रीचे मोठे रूळ, दुसऱ्यावर घडी विभाग. घडी विभागात चाळीसेक बायका उंच टेबलांपाशी उभ्या राहून दिवसभर चादरींच्या घड्या घालत. झटका, ओढ, दुमड, दाब. झटका, ओढ, दुमड, दाब. खाली जिन्याशेजारी दवाखाना आणि त्याला लागून हजेरी कारकुनाची खोली. मधल्या भिंतीत हातभर खिडकी होती. आजारपणाच्या रजेच्या चिठ्ठ्या त्या खिडकीतून इकडच्या तिकडे जात.

दवाखान्यात बसणाऱ्या परिचारिकेला सगळे पट्टीताई म्हणत, कारण काहीही दुखलं तरी त्या आधी पट्टी बांधत आणि मग विचारत. कारकून मात्र त्यांना बाई म्हणे. खरं तर काहीच म्हणत नसे. खिडकीत चिठ्ठी सरकवून घसा खाकरत असे. तो बुजरा माणूस. कुणाशी एक वाक्य बोलायचं तर आधी मनात तीनदा घोकून घ्यायचा, आणि तोवर समोरचा निघून गेलेला असायचा. त्याचा एकच गुण होता. कारखान्यातल्या साडेतीनशे माणसांपैकी कोण कधी कामाला लागलं, हे त्याला हजेरीपट न उघडता सांगता येई. साहेब मधूनच विचारत आणि तो फाडकन उत्तर देई. तेवढा वेळ त्याचा बुजरेपणा कुठे जाई कोण जाणे.

बाईंच्या दवाखान्यात घडीवाल्या बायका हाताची तक्रार घेऊन येत. बोटांना मुंग्या येतात, मनगट जड होतं, हातातली वस्तू सुटते. एकीनं सांगितलं होतं, "ताई, रात्री हात झोपतो आणि मी जागी राहते." दर गुरुवारी तासभर येणारे डॉक्टर विचारायचे, घरी कपडे धुता ना? सगळ्याच धुवायच्या. मग झालं, त्यानंच होतं, असं म्हणून ते पुढच्या बाईला बोलवायचे. बाईंनी या आणि इतरही तक्रारी एका वहीत लिहायला सुरुवात केली. कुणी सांगितलं नव्हतं, त्यांचं त्यांनाच वाटलं.

एकदा बसथांब्यावर त्यांची गाठ बुटांच्या कारखान्यातल्या परिचारिकेशी पडली. बोलता बोलता निघालं, की तिच्याकडे तळवे चिकटवणाऱ्या बायकांचे हातही असेच बधिर होतात. तिचे डॉक्टर विचारतात, घरी भांडी घासता ना? दोघी पोट धरून हसल्या. एका कारखान्यात घरचे कपडे, दुसऱ्यात घरची भांडी. कारखान्यातल्या कामानं मात्र कुणाला काही होत नाही! मग बस आली, आणि बसमध्ये दोघी गप्पच होत्या, असं त्या बूटवाल्या बाईंनी पुढे कारकुनाला सांगितलं.

तिथून ते जाळं विणायला सुरुवात झाली. बूटवाल्या बाईंच्या ओळखीनं बाटलीवाल्या, त्यांच्या मावसबहिणीकडून धाग्याच्या गिरणीतल्या, असं करत सात दवाखान्यांच्या सात परिचारिका जमल्या. महिन्याच्या पहिल्या रविवारी बूटवाल्या बाईंच्या पुढच्या खोलीत बसायचं आणि आपापली वही वाचायची. पट्टीताईंनी वैद्यकीय विद्यापीठाला पत्रं लिहिली. चार पत्रांना उत्तर आलं नाही. पाचव्याला एक तरुण डॉक्टरीणबाई स्वतःच आली, जमिनीवर मांडी घालून बसली आणि सातही वह्या तिनं चाळल्या. ती म्हणाली, सुट्या सुट्या वह्या म्हणजे गाऱ्हाणी, पण एकत्र मांडल्या तर तोच पुरावा होईल. तिनं या सगळ्याला काम, आरोग्य आणि स्वास्थ्य अशा शब्दांचं एक लांबलचक नाव दिलं. ते एका दमात कुणालाच म्हणता येईना. परिचारिका आपल्या त्याला 'रविवार' म्हणत. आपल्या रविवारात अमकं ठरलं, आपला रविवार तमक्या तारखेला सरकला.

डॉक्टरीणबाईंची एक अट होती. मांडणी पूर्ण झाली की तिची एकेक प्रत प्रत्येक कारखान्याच्या साहेबाला द्यायची. लपूनछपून केलं तर उद्या दारं बंद होतील आणि विद्यापीठही मागे सरेल. त्यावर दोन रविवार वाद झाला. शेवटी पट्टीताई म्हणाल्या, नाव कुणाचंच जाणार नसेल तर द्यायला हरकत नाही. त्यांनी आपल्याकडच्या प्रत्येक बाईला बोलावून शब्द दिला, की तुझं नाव या खोलीबाहेर जाणार नाही. त्या शब्दावर बायका बोलल्या, आणि जे घरी नवऱ्याला सांगितलं नव्हतं तेही बोलल्या.

आता सात वह्या म्हणजे सात तऱ्हा. एकीनं दिवस लिहिले होते, दुसरीनं नुसतं 'खूप', 'फार खूप' असं लिहिलं होतं. सगळं एका साच्यात बसवायला नीटनेटका माणूस हवा होता. बाईंनी खिडकीतून डोकं पुढे काढून विचारलं, रकाने आखता येतात का? कारकुनाच्या आयुष्यात कुणी त्याला इतका सोपा प्रश्न विचारला नव्हता. त्यानं अकरा रकाने आखले: विभाग, वय, नोकरीची वर्षं, कोणता हात, तक्रार, कधीपासून, असे. ते कागद बघून बाईंनी त्याचं रकानेराव असं बारसं केलं. तोही रविवारी जाऊ लागला. कोपऱ्यात बसायचा, कागद लावायचा, चहा आला की आधी कागद बाजूला घ्यायचा. त्याची बायको म्हणायची, घरात तोंडाला कुलूप, आणि तिकडे कागदांशी गप्पा. पण ती हे हसून म्हणायची, कारण रविवारी परत येताना तो गुणगुणत यायचा.

सगळ्या मिळून दोनशे बारा ओळी झाल्या. कारकुनानं त्या खोलीत बसून, कार्बन कागद घालून टंकयंत्रावर उतरवायला घेतल्या. एकतिसाव्या ओळीपाशी तो अडला. बाईंच्या अक्षरात बाकी सगळं होतं: घडी विभाग, वय एकेचाळीस, डावा हात. शेवटी लिहिलं होतं, 'बोटं अचानक सुटतात. उतारावर गाडी हातून सुटली. कुणाला सांगितलेलं नाही.' फक्त नोकरीच्या वर्षांचा रकाना रिकामा होता.

बाई विसरल्या, असं त्याला वाटलं. खिडकीपलीकडे त्या एकाच्या भाजलेल्या हाताला मलम लावत होत्या. विचारावं म्हणून त्यानं मनात वाक्य जुळवलं. ते जुळेपर्यंत दुसरा माणूस आत गेला. आणि खरं म्हणजे विचारायची गरजच काय होती? घडीतली, एकेचाळीस वर्षांची, डावखुरी. तिचं नाव हजेरीपटावर त्यानंच चढवलं होतं. बावीस वर्षं. दोनशे अकरा ओळींमध्ये भरलेला रकाना एका ओळीत मोकळा दिसणं म्हणजे समोरचा एक दात पडल्यासारखं. त्यानं तिथे बावीस असं टंकलं. बाईंची एक चूक आपण परस्पर निस्तरली याचं त्याला दिवसभर समाधान होतं. त्यांना सांगितलंही नाही; उगाच उपकार केल्यासारखं दिसलं असतं.

प्रती सातही साहेबांकडे गेल्या. आठवड्यानं कारकुनाला त्याच्या साहेबानं वर बोलावलं आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, "घडीत बावीस वर्षांची जुनी कोण आहे?"

कारकुनानं फाडकन नाव सांगितलं. नेहमी सांगायचा तसं. सांगून झाल्यावर त्याची नजर टेबलाकडे गेली. तिथे त्यानं स्वतः टंकलेला कागद होता आणि बावीस या आकड्याभोवती लाल पेन्सिलीचं वर्तुळ होतं.

गेल्या थंडीत चादरींनी भरलेली ढकलगाडी उतारावरून सुटली होती. एका माणसाचा घोटा मोडला होता. चाक खराब होतं असं लिहून ते प्रकरण मिटवलं गेलं होतं. आता ते पुन्हा उघडलं. घडीवाल्या बाईला वर बोलावलं, विचारलं, आणि तिला खोटं बोलता आलं नाही. हातात जोर नसलेल्या बाईला यंत्रांच्या कारखान्यात ठेवणं इतरांना धोक्याचं आहे, असं कारण देऊन आठ दिवसांत तिला घरी पाठवलं. हातात जोर का राहिला नाही, हे कुणी विचारलं नाही.

दवाखान्याबाहेर एक बाक होतं. सकाळी दहा वाजता त्यावर बसायला जागा मिळत नसे. त्या आठवड्यात ते रिकामं झालं. बायका जिन्यावरून जाताना दवाखान्याकडे न बघता जात. एक जण जाता जाता मोठ्यानं म्हणाली, आम्हाला काही होत नाही हो ताई, आम्ही ठणठणीत आहोत. हात दुखत होतेच. पण आता ते झाकून दुखत होते.

कारकुनानं खिडकीतून पाहिलं. बाईंनी कपाटातून स्वतःच्या हातानं लिहिलेला मूळ कागद काढला, त्याच्याशेजारी टंकलेली प्रत ठेवली आणि एकतिसाव्या ओळीवर बोट ठेवलं. एक बोट इकडे, एक तिकडे. मग त्यांनी दोन्ही कागद एकत्र टाचले आणि खणात टाकले. खिडकीकडे त्यांनी पाहिलं नाही. आता त्या हाक मारतील म्हणून कारकून संध्याकाळपर्यंत वाट बघत राहिला. त्यांनी हाक मारली, ती पाच वाजता. विचारलं, गुरुवारच्या डॉक्टरांची चिठ्ठी आली का?

पुढच्या रविवारी बूटवाल्या बाईंच्या खोलीत चहासुद्धा झाला नाही. धाग्याच्या गिरणीतल्या बाई आपली वही परत न्यायला आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "आमच्याकडे नवरा, दीर, सासरा सगळे त्याच गिरणीत. एकीचं बिंग फुटलं तर सगळं घर रस्त्यावर येईल. तुमचा रविवार तुम्हाला लखलाभ. पण जायच्या आधी मला एवढं कळू द्या, तो आकडा गेला कुणाकडून?"

कारकून कोपऱ्यात मांडीवर कागदांचा गठ्ठा घेऊन बसला होता. त्याची मान खाली होती. मनात वाक्य तयार होतं. या खेपेला तीनदा नव्हे, तीनशेदा घोकलेलं. आता उठावं आणि म्हणावं, माझ्याकडून गेला.

"माझ्या दवाखान्यातून गेला," पट्टीताई म्हणाल्या. त्यांचा आवाज अगदी खाली उतरला होता. "शब्द मी दिला होता. चूक माझी."

कारकुनानं मांडीवरच्या गठ्ठ्याच्या कडा पुन्हा जुळवल्या. धाग्याच्या बाई वही घेऊन गेल्या, त्यांच्या मागोमाग आणखी एक जण गेली. सातातल्या पाच उरल्या. डॉक्टरीणबाईंनी प्रती परत मागवायचं ठरवलं, पण सुटलेली गाडी जशी उतारावरून परत येत नाही, तशीच वाचलेली ओळ न वाचलेली होत नाही.

त्याच आठवड्यात बाई घडीवालीच्या घरी गेल्या. कारकुनाला म्हणाल्या, कागद धरायला चला. धरण्यासारखे कागद फारसे नव्हतेच. घर तिसऱ्या मजल्यावर होतं. बाई प्रत्येक मजल्यावर थांबत होत्या. एकदा चपलेचा पट्टा नीट केला, एकदा चष्मा पुसला. जाण्याची हिंमत होत नाही म्हणून थांबतात, असं कारकुनाला वाटलं, आणि तो मनात म्हणाला, माझीही होत नाही.

घडीवालीनं दार उघडलं पण बसा म्हटलं नाही. आत दोरीवर कपडे वाळत होते. धुऊन नीट न पिळल्यामुळे त्यांतून पाणी ठिबकत होतं. बाईंनी जे घडलं ते सांगितलं. शब्द मोडला असं म्हणाल्या, कसा मोडला ते सांगितलं नाही. घडीवालीनं ऐकून घेतलं.

"नाव नाही सांगितलंत तुम्ही," ती म्हणाली. "नुसता घरापर्यंतचा रस्ता दाखवलात."

बाईंनी उजवा हात पुढे करून तिच्या मनगटाला लावला, जसा दवाखान्यात लावत. तिनं मनगट काढून घेतलं नाही, पण दुसऱ्या हातानं दाराची कडी धरली. दोघं निघाली. जिन्यावर कारकून म्हणाला, "बाई, तो आकडा…"

"पायऱ्या झिजल्यात," बाई म्हणाल्या. "बघून उतरा."

दोन महिने रविवार नुसता नावाला भरत होता. पाच जणी जमत, नवीन ओळ कुणाकडेच नसे, जुन्याच ओळींवर बोलणं होई. मग एका रविवारी दारात घडीवाली उभी राहिली. कुणी बोलावलं नव्हतं. चप्पल न काढता उंबऱ्याशी बसली आणि म्हणाली, कुणाकुणाचा रस्ता दाखवताय ते बघायला आले, दाखवा कागद.

पट्टीताईंनी गठ्ठा तिच्यापुढे ठेवला. ती बोट फिरवत सावकाश वाचू लागली. दहाव्या ओळीवर म्हणाली, हा बॉयलरवाला, ह्याच्या खोकल्याचा आवाज दुसऱ्या मजल्यावर येतो. सतराव्या ओळीवर म्हणाली, ही रुळावरची थोरली, हिच्या सुनेला कळलं तर घरात महाभारत होईल. तासाभरात तिनं पाच माणसं ओळखली. ज्या कागदांवर एकाचंही नाव नव्हतं, त्यांतून पाच माणसं उठून बाहेर आली. डॉक्टरीणबाईंचा चेहरा उतरला. त्यांनी पुस्तकात वाचलं होतं म्हणे, की असं होऊ शकतं. पण पुस्तकात वाचणं वेगळं.

त्या दिवशी नियम ठरला. कागद बाहेर जायच्या आधी त्या त्या कारखान्यातल्या एका जाणत्या माणसानं तो वाचायचा आणि ओळखू येतंय का बघायचं. ओळखू आलं तर रकाना रिकामा करायचा. तरीही ओळखू आलं तर सगळी ओळच गाळायची. आणि जिची ओळ, तिला आधी वाचून दाखवायची. पट्टीताई म्हणाल्या, तुम्हीच बसा आमच्याकडच्या कागदांना. घडीवाली म्हणाली, बसते, पण तुमच्यासाठी नाही. त्या म्हणाल्या, चालेल. पुढे रविवारात तिला 'ओळखणारी' म्हणत. पाचही कारखान्यांत अशी एकेक ओळखणारी माणसं झाली. कुणी म्हातारा वॉचमन, कुणी तीस वर्षं डबे आणून देणारी मावशी. दुसऱ्यांच्या घरातलं ठाऊक असण्याबद्दल जन्मभर ज्यांना टोमणे मिळाले, त्यांना पहिल्यांदाच कुणी मानानं बोलावलं.

कारकुनाला रिकाम्या रकान्यांची सवय व्हायला फार वेळ लागला. टंकताना बोट आपोआप आकड्याकडे जाई. त्याला बहुतेक आकडे पाठ होते. तो हात मांडीवर ठेवून क्षणभर बसे आणि मग पुढच्या रकान्याकडे जाई. बाई खिडकीतून बघत असाव्यात. एकदा म्हणाल्या, काय राव, उपास सोसवत नाही वाटतं? तो ओशाळला. पण त्या बोलण्यानं त्याला दोन दिवस बरं वाटलं, आणि दोन दिवसांनी पुन्हा ती जुनी कळ आली. यांना ठाऊक आहे. ठाऊक आहे तर मग बोलत का नाहीत?

बाकावर आधी एक जण आली, मग महिन्यानं तिघी. पूर्वीसारखी गर्दी पुन्हा कधी झाली नाही.

दुसऱ्या मांडणीच्या वेळची गोष्ट. सुटीच्या दिवशी वॉचमननं आत सोडलेली ओळखणारी दवाखान्यातच कागद वाचत होती. कारकून शेजारी, बाई औषधांच्या बाटल्या पुसत उभ्या. एका ओळीशी ती थांबली. विभागाच्या जागी 'इतर' लिहिलं होतं. वय चोपन्न. 'जिना चढताना छातीवर दगड ठेवल्यासारखं होतं. दर मजल्यावर थांबावं लागतं. घरी सांगितलेलं नाही.' तिनं ती ओळ दोनदा वाचली आणि मान वर करून बाईंकडे पाहिलं.

"ही मी ओळखली," ती म्हणाली.

"ओळखलीत?" बाई बाटली पुसतच म्हणाल्या. "मग नियम तो नियम. रकानेराव, ओळ गाळा."

"गाळा. पण आधी तिला म्हणावं मोठ्या डॉक्टरांकडे जा."

"सांगते तिला."

"सांगू नका नुसतं, न्या."

"बरं बाई, नेते."

कारकुनानं पट्टी ठेवून ती ओळ सरळ रेघ मारून खोडली आणि पुढच्या ओळींचे आकडे बदलले. इतर म्हणजे कोण, हा प्रश्न त्याच्या मनात आलाच नाही. विचारायचं नाही, भरायचं नाही, हे तो आता शिकला होता. इतका शिकला होता, की तिसऱ्या मजल्याच्या जिन्यावर चपलेचा पट्टा नीट करणाऱ्या बाई त्याला त्या ओळीत दिसल्या नाहीत. घडीवालीनं बाईंचं दुखणं, त्या तिच्या दारात आल्या आल्या, धापेवरूनच ओळखलं होतं. हे तिनं नंतर सांगितलं, आणि सांगताना ती कारकुनावर चिडली होती. शेजारी बसत होतात ना तुम्ही, म्हणाली.

बाई कुणा डॉक्टरकडे गेल्या का, ते कुणालाच माहीत नाही. भावाला घरात एकही चिठ्ठी सापडली नाही. त्याला सापडला तो जुन्या कागदांचा एक गठ्ठा. तो त्यानं कारकुनाच्या हाती दिला, कारण त्यावर 'रकानेरावांकडे' असं लिहिलं होतं. बाकीचे रविवारचे कागद होते. सगळ्यात खाली ते दोन, गंजलेल्या टाचणीनं टाचलेले. एकात एकतिसाव्या ओळीतला रकाना रिकामा, एकात बावीस. बाजूला काही लिहिलं नव्हतं. दुसऱ्या कुणाच्या हाती पडू नयेत म्हणून त्यांनी ते जपले, की त्यानं एक दिवस ते बघावेत म्हणून, हे कारकुनानं पुष्कळदा मनात उलटसुलट करून पाहिलं आहे. तेच कागद घेऊन तो घडीवालीकडे गेला आणि उभ्यानंच तिला दाखवले. ती ते बघत राहिली. तिच्या हातात आता कंगवाही टिकत नाही. कागद धरायला तिनं दोन्ही हात लावले होते. शेवटी म्हणाली, मला वाटलंच होतं, त्या असं करणाऱ्या नव्हत्या. मग म्हणाली, बसा. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

कारखान्यात म्हणाल तर घडीची टेबलं वीतभर खाली घेतली गेली. एवढंच. गुरुवारचे डॉक्टर बदलले. नवे घरच्या धुण्याबद्दल विचारत नाहीत, आधी हात बघतात. बूट आणि बाटल्यांच्या कारखान्यांत दर दोन तासांनी जागा बदलून काम देतात. धाग्याच्या बाई अजून परतल्या नाहीत. पुढल्या रविवारी येते असा निरोप त्यांनी दोनदा पाठवला आहे.

बाई सोमवारी आल्या नाहीत. त्याआधीच्या शनिवारी दुपारी त्या खिडकीशी आल्या, तेव्हा कारकून नवे कागद लावत होता. तो एकटा होता, बाक रिकामं होतं, आणि वाक्य तयार होतं. बाई, तो आकडा मी भरला होता. त्यानं मान वर केली. त्या चष्मा कपाळावर सरकवून खणात काहीतरी चाचपत होत्या.

"टाचण्या संपल्या वाटतं," त्या म्हणाल्या. "सोमवारी येताना आणाल?"

"किती आणू?"

"एक डबी पुरे. आणि राव, मोजत बसू नका."

"नाही बसत," तो म्हणाला.